‘क्रल’ पुन्हा लाव, दलदलीपासून

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप मिळाला. ‘क्रल’ हा चित्रपट तू दलदलीच्या प्रसंगापाशीच बंद केलास आणि वर विचारतोस, यात मला एवढं काय सापडलं. फोनवर हे धड सांगता येणार नाही, म्हणून लिहायला बसलो.

तुझ्या तक्रारी खऱ्या आहेत. नायक कॉल्विन देखणा, पण बाप गेल्याचं दुःख त्याच्या चेहऱ्यावर टिकत नाही. लाव्हात हात घालून तो पाच पात्यांचं चक्र मिळवतो आणि मग पार शेवटापर्यंत ते नुसतं जवळ बाळगतो. त्याची नवरी लिसा, जिला तो राक्षसी पशू पळवून नेतो, तिचा आवाज पडद्यावरच्या लिसेट अँथनीचा नाहीच, लिंडसे क्राऊस या दुसऱ्या नटीचा आहे, आणि ते खटकतं. तलवारी, लेझर, भविष्यवाण्या, अवकाशातून आलेला त्या पशूचा डोंगराएवढा किल्ला, सगळं एकाच ताटात वाढलंय. १९८३ साली तिकीटबारीवर तो आपटला याचं मला नवल वाटत नाही.

पण दलदलीनंतर कॉल्विनचा वाटाड्या म्हातारा यनिर त्या जाळ्यातल्या विधवेकडे जातो, ते तू पाहिलंच नाहीस. किल्ला रोज सूर्योदयाला जागा बदलतो आणि उद्या तो कुठे असेल हे फक्त तिला ठाऊक. भल्यामोठ्या जाळ्याच्या मधोमध ती कैदेत आहे आणि राखणीला पारदर्शक, स्फटिकासारखा कोळी. यनिर वर चढताना तिला नावाने हाक मारतो, आणि कळतं की एकेकाळी यांचं प्रेम होतं. तो सोडून गेला. त्या संतापात तिने पोटचं मूल मारलं. ही कैद त्याचीच शिक्षा. ती वाळूचं घड्याळ फोडते आणि वाळू त्याच्या मुठीत देते. वाळू हातात आहे तोवर तो जगेल. ती मात्र तिथेच राहते, कोळ्याच्या तावडीत. यनिर बोटांतून वाळू सांडत सोबत्यांपर्यंत पोचतो, ठिकाण सांगतो आणि मूठ उघडतो. फ्रेडी जोन्स आणि फ्रान्सेस्का ॲनिस हे इतक्या मनापासून करतात की कोळ्याची अडखळती चाल डोळ्यांना दिसते आणि तरी घशात काहीतरी दाटून येतं.

असाच कॉल्विनचा सोबती, तो एकाक्ष रेल. याच्या पूर्वजांनी भविष्य दिसावं म्हणून एक डोळा त्या पशूला दिला, आणि दिसू लागली ती फक्त स्वतःच्या मरणाची वेळ. रेलची घटका किल्ल्याच्या दारात भरणार नसते. मागे थांबला तर शांतपणे जाता येईल. तरीही तो येतो. बंद होणारी दगडी दारं अंगावर पेलून धरतो, बाकीच्यांना आत जाऊ देतो. बर्नार्ड ब्रेसलॉ हा विनोदी चित्रपटांमधला नट! मुखवट्याआडून, संवाद जवळजवळ नसताना, त्याने हा माणूस उभा केलाय.

दिग्दर्शक पीटर येट्सने आधी ‘बुलिट’ चित्रपटामध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चढ-उतारांवर गाड्या पळवल्या होत्या. इथे तो अग्निघोड्या पळवतो, टापांखाली जाळ उठतो, आणि तिशीही न गाठलेल्या जेम्स हॉर्नरचं संगीत असं उसळतं की त्या दृश्यातल्या उणिवा मनात राहत नाहीत. आवाज मोठा ठेव.

आणि ते चक्र. पशूच्या अंगात ते रुतून बसतं, परत येत नाही. पशू मरतो तो अर्धवट राहिलेल्या लग्नविधीने. सुरुवातीला कॉल्विन ज्योत पाण्यात देतो, लिसा ती पाण्यातून उचलते, आणि त्याच्या हाती देणार तोच हल्ला होतो, आठवतंय ना? शेवटी ती ज्योत त्याला देते आणि तीच अस्त्र होते. अग्नीच्या साक्षीने लागलेली लग्नं पाहत वाढलेल्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. चित्रपटभर मिरवलेलं हत्यार तोकडं पडावं आणि बायकोने दिलेली ज्योत पुरावी, हे मला फार आवडतं.

वहिनींना नमस्कार सांग, त्यांनाही सोबत बसव. यनिरचा भाग झाला की रात्री कितीही वाजले असले तरी फोन कर.

तुझाच,
श्रीधर