हातभट्टीही नकाशावर हवी

महोदय,

जंगलात गडप झालेली लाकूडतोड्यांची गावे पुरातत्त्वाच्या मदतीने संगणकावर पुन्हा उभी करण्याबद्दल आपण छापलेला लेख आवडला. एकच तक्रार आहे. अशा चित्रांत कंपनीची गिरणी ठसठशीत दिसते आणि दारू गाळणारे तेवढे गाळले जातात.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या स्मोकी पर्वतातले हेझल क्रीक खोरे घ्या. तिथे १९१० ते १९२८ रिटर कंपनीने लाकूड तोडले, ओढ्याकाठाने रेल्वे टाकली, प्रॉक्टर गावाची वस्ती हजारावर नेली. जंगल संपले, कंपनी निघून गेली. पुढे १९४४ मध्ये फोंटाना धरणाच्या पाण्यात रस्ताच बुडाला आणि उरलेल्यांनाही उठावे लागले.

कंपनीचा माग सोपा. लाकूड सुकवण्याच्या कारखान्याचे अवशेष अजून उभे आहेत. विमानातून लेसर सोडून पानांआडची जमीन मोजणाऱ्या लायडारला रेल्वेचा सपाट पट्टाही दिसतो. हातभट्टी मात्र सापडू नये म्हणूनच लावलेली! आधी १८६२ पासून केंद्राचा कर, मग १९०९ पासून राज्यात दारूबंदी. डोंगरातून मका बाजारात नेण्यापेक्षा त्याची दारू नेणे परवडे, म्हणून धंदा थांबला नाही. आज मिळतात त्या ओढ्यालगतच्या काळवंडलेल्या दगडांच्या चुली, पिंपाच्या लोखंडी कड्या, फुटक्या बरण्या. पत्र्यावर कुऱ्हाडीचे घाव असले तर धाड पडली होती असे समजावे. हे टिपायला पायी फिरावे लागते आणि जुन्या माणसांशी बोलावे लागते. तिथली कुटुंबे आजही होडीतून आपल्या दफनभूमीवर जातात. कोणता ओढा कोणाचा, हे त्यांना विचारता येते.

आपल्याकडे कोयनेच्या शिवसागराखाली गावे गेली, माणसे सोलापूर, रायगड, ठाण्यापर्यंत पांगली. तेव्हाची तरुण पोरे आज ऐंशीच्या पुढे आहेत. विद्यापीठांच्या पुरातत्त्व विभागांनी त्यांच्याकडून गावांचे नकाशे काढून घ्यावेत. देऊळ आणि वाडा सगळेच सांगतील. काळा गूळ आणि नवसागर कुठून यायचा, भट्टी कोणत्या ओढ्याला लागायची, हेही आवर्जून विचारावे. नातवंडांना संकोच वाटत असेल तर नावे बदलून नोंदवावीत.

– एक वाचक, कराड