‘कारण’ हा रकाना भरणाऱ्या मामांना

ती. मामा,
साष्टांग नमस्कार.

शनिवारी तुमच्या निरोपाच्या कार्यक्रमात माझ्या हातात माईक दिला आणि तोंडून एक शब्द फुटला नाही. शाल-नारळ झाला, सगळ्यांची भाषणं झाली, मी नुसता पाया पडून खाली बसलो. तेव्हापासून ते मनाला लागून राहिलंय, म्हणून हे लिहितो. तुमची नात वाचून दाखवेल.

तुमच्याकडं भोसरीला येण्याआधी मी वर्षभर दुसऱ्या एका मशीन शॉपमध्ये होतो. नाव घेत नाही. तिथं जॉब, म्हणजे मशिनवर घडवायचा तुकडा, बिघडला की सगळ्यांसमोर आईबापाचा उद्धार व्हायचा आणि पगारातून पैसे कापले जायचे. कुठं चुकलं, हे एकदाही कुणी सांगितलं नाही. आम्ही पोरं त्यातून एवढंच शिकलो की बिघडलेला जॉब चिपच्या, म्हणजे लोखंडी किसाच्या, ढिगात कसा दडवायचा. आपल्याच शॉपमध्ये रोज किती माल भंगारात जातोय, हे त्या साहेबांना कधी कळलंही नसेल. टर्नरची दोन वर्षं आयटीआय करून मी चोरी शिकत होतो, मामा.

मग तुमच्याकडचा तिसरा की चौथा आठवडा. मे महिना, वर पत्रा तापलेला. ५० मिलिमीटरचा शाफ्ट, बेअरिंग बसायची जागा. शेवटचा कट घेतला, लगेच मायक्रोमीटर लावला, ५०.०१. बरोबर. जेवणाच्या सुट्टीनंतर तुम्ही मोजलंत तर ४९.९९, म्हणजे बेअरिंग सैल बसणार. मला दरदरून घाम फुटला. आता शिव्या, मग पगार, असं धरूनच मी मान खाली घातली. तुम्ही माझं बोट धरून नुकत्याच उतरलेल्या दुसऱ्या जॉबवर टेकवलंत. चटका बसला. मग लेथच्या हेडस्टॉकवर खडूनं लिहिलंत: एक मीटर पोलाद, एक अंश, साधारण १२ मायक्रॉन. “तुझा जॉब ३५ अंशांनी जास्त गरम होता असं धर, आणि कर हिशोब.” केला. २१ मायक्रॉन आले, म्हणजे ०.०२ मिलिमीटर, जवळपास तेवढाच फरक. हात बरोबर चालला होता, मायक्रोमीटरही बरोबर होता. जॉब थंड व्हायची मी वाट पाहिली नव्हती.

पण मला आजवर पुरलीय ती त्यानंतरची गोष्ट. रिजेक्शन रजिस्टरमध्ये ‘कारण’ असा एक रकाना असतो. जुन्या शॉपमध्ये तिथं ठरलेला शब्द पडायचा, ‘निष्काळजीपणा’. तुम्ही चष्मा पुसलात, पेन झटकलंत आणि सावकाश लिहिलंत, ‘जॉब गरम असताना मोजला’. चार शब्द. मी तुमच्या खांद्यावरून वाचले. माझ्याबद्दल त्यात काहीच नव्हतं, फक्त चूक होती, आणि ती सुधारता येण्यासारखी होती. त्या संध्याकाळी लांडेवाडीला बस येऊन निघून गेली तरी मी थांब्यावर उभाच होतो.

तुम्हाला रागावता येत नव्हतं असं नाही. गॉगल न घालता ग्राइंडरवर बसलेल्या पोराला तुम्ही असं झापलंत की सगळं शॉप गप्प झालं. जॉब दुसरा घेता येतो, डोळा नाही, एवढा साधा फरक किती शिकलेल्या साहेबांना कळत नाही! चांगलं वागायला पैसा लागतो, खुर्ची लागते, असं मला वाटायचं. तुम्ही तर आमच्यासारखेच कार्ड पंच करून पाळीला यायचात. तरी हाताखालच्या पोराची चार लोकांत लाज राखायची, हे तुमचं ठरलेलं असायचं.

परवा माझ्या लाइनवर आयटीआयमधून आलेल्या एका मुलीकडून बोअर, जॉबचं आतलं भोक, मोठा झाला. डायल फिरवली त्याच्या दुप्पट व्यासात कटतं, ते ती विसरली. पण तो जॉब तिनं लपवला नाही, मामा. मी विचारायच्या आधी स्वतःहून आणून माझ्या टेबलावर ठेवला. मी रजिस्टर तिच्यापुढं सरकवलं आणि पेन तिच्या हातात दिलं.

तुमचा,
दोन नंबर लेथवरचा पोरगा