गोवराचा रिपोर्ट: चाचणी कोणती ते आधी विचारा

मा. संपादक, स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात शेजारची सूनबाई सात महिन्यांच्या बाळाचा आणि स्वतःचा गोवर अँटीबॉडीचा रिपोर्ट घेऊन आली. खासगी लॅबमधली एलायझा, म्हणजे रंगाच्या गडदपणावरून अँटीबॉडी मोजणारी चाचणी. आईपुढे ‘इक्विव्होकल’ (म्हणजे धड हो नाही, धड नाही नाही), बाळापुढे ‘निगेटिव्ह’ आणि खाली शेरा: प्रतिकारशक्ती नाही. “काकू, आता काय करू?” बिचारी रडवेली झाली होती. मी ३२ वर्षं विषाणूंच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते. मला त्या शेऱ्याचाच राग आला.

एलायझा सोयीची, हे खरं. ९६ खळग्यांची प्लेट, काही तासांत पिवळा रंग, मशीन आकडा काढून देतं. पण विषाणूला चिकटणारी अँटीबॉडी आणि त्याला अडवणारी अँटीबॉडी यांतला फरक तिला कळत नाही. तो कळतो पीआरएनटीत, म्हणजे अँटीबॉडी जिवंत विषाणूला किती अडवतात ते पाहणाऱ्या चाचणीत. रक्तजल ५६ अंशांवर अर्धा तास ठेवायचं, पातळ करत न्यायचं, जिवंत विषाणूत मिसळून व्हेरो पेशींच्या (लॅबमध्ये वाढवलेल्या माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी) थरावर सोडायचं. पाच-सहा दिवसांनी रंग दिला की मेलेल्या पेशींच्या जागी भोकं दिसतात; जितकी कमी भोकं, तितका विषाणू अडला. प्लेट उजेडाकडे धरून मी ती मोजायचे; एकच भोक दोनदा मोजू नये म्हणून मागून मार्करचा ठिपका. मान मोडायची. वेळखाऊ काम, म्हणून खासगी लॅब त्याच्या वाटेला जात नाहीत.

घोळ पुढे आहे. संरक्षणाची जी मिलिलिटरमागे १२० मिलि-युनिट अँटीबॉडीची रेघ सांगतात, ती पीआरएनटीवरून आखलेली. एलायझाचा आकडा तिला लावणं म्हणजे शेराच्या मापाने लिटर मोजणं. त्यात अँटीबॉडी थोड्याच उरल्या असतील तर एलायझा त्या बऱ्याचदा हुकवते, आणि नाळेतून मिळालेल्या अँटीबॉडी बाळात ओसरताना नेमक्या तेवढ्याच असतात. तेवढ्याही लशीच्या आड येऊ शकतात! १९७७ मध्येच अमेरिकी संशोधकांनी वर्षावरच्या बाळांतही आईच्या अँटीबॉडीचा अंश अशाच विषाणू अडवण्याच्या (न्यूट्रलायझेशन) चाचणीने पकडला होता.

सूनबाईला म्हटलं, रिपोर्ट फाइलला लाव. नऊ महिने भरले की एमआरचा (गोवर-रुबेला लशीचा) पहिला डोस, १६ ते २४ महिन्यांत दुसरा. २०२२ च्या साथीत मुंबईत नऊ महिन्यांखालच्या बाळांना जादा डोस दिला, तोही रक्त तपासून नव्हे.

आपल्या वार्ताहरांनाही विनंती: ‘इतके टक्के बाळं असुरक्षित’ असं छापताना शेजारी चाचणीचं नाव द्या. एका शब्दाचीच जागा लागते.

– एक निवृत्त लॅब टेक्निशियन, पुणे