चाचणीचे पैसे घ्या, पण चाचणी खरी द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

माउंटन बाइक घेण्याआधी ती नीट चालवून बघायची असेल, तर काही सायकल दुकाने त्याचे पैसे मागतात. माझ्या ओळखीतले बरेच सायकलस्वार यावर चिडतात. ‘वस्तू बघायचेही पैसे?’ असा त्यांचा सवाल असतो. काही वर्षांपूर्वी मीही तेच म्हटले असते. आज मी ते पैसे खुशीने देतो आणि इतरांनीही द्यावेत असे मला मनापासून वाटते.

माझी आधीची सायकल मी दुकानासमोरच्या सपाट फरशीवर दोन चकरा मारून घेतली होती. अर्थात फुकट. गिअर खटाखट पडत होते, ब्रेक लागत होते, रंग तर बघताक्षणी आवडला होता. दुकानदाराने उंची विचारली आणि लार्ज फ्रेम पुढे केली. पहिल्याच रविवारी दगडगोट्यांच्या उतारावर माझी चूक लक्षात आली. हँडल मला लांब पडत होते. उतारावर अंग जरा मागे घेतले की कोपरे ताठ व्हायची, पुढच्या चाकावर वजनच उरायचे नाही आणि वळणावर ते चाक बाहेर सरकायचे. दोनदा आपटलो. आठ महिन्यांत ती सायकल निम्म्या किमतीला विकून टाकली. दुकानदाराने खोटे काही सांगितले नव्हते. त्या फरशीवर यातले काही कळणे शक्यच नव्हते.

पेडलवर उभे राहिल्यावर हँडल किती पुढे लागते, हे ज्या मापावरून कळते त्याला ‘रीच’ म्हणतात. दोन कंपन्यांच्या लार्ज फ्रेममध्ये त्यात २०-२५ मिलिमीटरचा फरक सहज असतो. कंपन्यांच्या मापांच्या तक्त्यात मात्र दोन्हींसमोर स्वाराची जवळपास तीच उंची छापलेली असते. आणि माउंटन बाइक मुळात उतारावरच घडली. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही तरुणांनी जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावरून खाली सोडायच्या शर्यती सुरू केल्या. पेडल उलटे दाबून लागणारे त्या सायकलींचे ब्रेक इतके तापत, की हबमधले, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातले, ग्रीस जळून जाई आणि नवे भरावे लागे. त्यावरूनच त्या शर्यतीला ‘रिपॅक’ हे नाव पडले. अशा वंशाची सायकल फरशीवर पारखायची कशी?

यंदा नवी सायकल घेताना मी एका दुकानात अर्ध्या दिवसाच्या चाचणीचे पैसे भरले. मेकॅनिकने मला हेल्मेट आणि पाठीवरच्या पिशवीसकट सायकलवर बसवले. मागच्या चाकाचे धक्के झेलणाऱ्या शॉकच्या दांड्यावर एक बारीक रबरी रिंग असते. ती त्याने वर सरकवली, मला अलगद उतरायला सांगितले आणि स्टीलची पट्टी लावली. रिंग ८ मिलिमीटर खाली आली होती. शॉक ५० मिलिमीटर दबणारा. नुसत्या वजनाने तो २५ ते ३० टक्के, म्हणजे १२.५ ते १५ मिलिमीटर बसायला हवा. आदल्या माणसाच्या वजनाला भरलेली हवा माझ्यासाठी जास्त होती. त्याने थोडी थोडी हवा सोडत रिंग जागेवर आणली. पाच मिनिटांचेच काम, पण ते झाले नसते तर मी चांगल्या सायकलला ‘कडक आहे’ म्हणून नाकारून आलो असतो.

‘गाडी तर फुकट चालवायला देतात’ असे म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे. रस्त्यावर फिरवून आणलेली गाडी गेली तशीच परत येते. दगडांतून आलेली सायकल तशी येत नाही. एकदा आडवी पडली की मागचा गिअर ज्यावर टांगलेला असतो तो हँगर वाकतो, ब्रेकची डिस्क लचकते, टायरची बाजू चिरते. पुढच्या चाकाचे धक्के झेलणाऱ्या फोर्कच्या खालच्या नळ्यांतले तेल साधारण ५० तास चालवल्यावर बदला, असे काही उत्पादकच सांगतात. शिवाय दोन-तीन मापांच्या डेमो सायकली ठेवायच्या म्हणजे दुकानदाराचे भांडवल अडकते आणि हंगाम संपला की त्या जुन्या म्हणून कमी भावात काढाव्या लागतात. त्यातून कित्येक जण दुकानात माप ठरवतात आणि सायकल ऑनलाइन मागवतात. फुकट चाचण्या देऊन कुठले दुकान टिकेल?

मला मात्र त्याहून महत्त्वाची वाटते ती ग्राहकाची मोकळीक. फुकट सायकल चालवून आले की माणूस भिडेला पडतो. एवढा वेळ घेतला, आता नाही कसे म्हणायचे, असे होऊन जाते. पैसे मोजले असतील तर चिखलाने माखलेली सायकल परत देऊन ‘नाही जमली’ असे सरळ सांगता येते. यंदा मी दोन सायकली अशा परत केल्या, तिसरी घेतली.

मात्र पैसे घ्यायचे तर दुकानांनीही चाचणी खरी द्यावी. शॉक आणि फोर्क ग्राहकाच्या वजनाला लावून द्यावेत. वेळ निदान एक चढ आणि एक उतार दोनदा करता येईल एवढा असावा, कारण पहिल्या फेरीत माणूस नवे ब्रेक समजून घेण्यातच गुंतलेला असतो. टायरमधली हवाही मोजून द्यावी. एका सायकलीत हवा कमी आणि दुसरीत टणक असेल, तर आपण फ्रेमऐवजी टायरचीच तुलना करून घरी येतो. (ग्राहकांनी शक्य तर आपलेच पेडल लावून घ्यावेत.) निघण्यापूर्वी सायकलीचे फोटो दोघांसमोर काढावेत, म्हणजे परत आल्यावर ओरखड्यांवरून वाद होणार नाही.

आणि सायकल त्याच दुकानातून घेतली तर चाचणीचे सगळे पैसे किमतीतून वजा व्हावेत, दोन-तीन चाचण्या झाल्या असल्या तरी. हात राखून खर्च करणाऱ्याला याचाच आधार असतो. मी पहिल्यांदा पैसे भरले तेव्हा वजावटीचे नुसते तोंडी आश्वासन मिळाले आणि हिशेबाच्या वेळी ते कुणाला आठवेना. तेव्हा किती दिवसांत खरेदी केली तर किती रक्कम वजा होईल, हे दुकानांनी चाचणीच्या पावतीवरच लिहून द्यावे.

आपला नम्र,
एक सायकलस्वार वाचक