बापूला पत्र: रानपिंगळा काढायचा कसा

शहादा,
रविवार सकाळ

प्रिय बापू,

बठ्ठं बरं शे ना रे भो?

तुझा निरोप मिळाला. लेकीला हलणारं, गोड कार्टून हवंय आणि तेही बापानं स्वतः काढलेलं, म्हणजे तुझी चांगलीच पंचाईत झाली म्हणायची. एलिमेंटरीला वस्तुचित्राच्या पेपरात तू काढलेला तांब्या मी विसरलेलो नाही. पण घाबरू नकोस. तांब्या समोर असतो तसाच काढावा लागतो, इथे ते बंधन नाही.

ससा, मांजर, एकशिंगी घोडा हे आधी डोक्यातून काढ. पाहून पाहून हातात बसलेत ते. तू काढलास तरी दुसऱ्याचाच ससा उतरेल. आपल्याकडचा कुणीतरी घे. मी तर म्हणेन रानपिंगळा घे, रानातलं ते छोटंसं घुबड. १८८४ नंतर तो पाहिल्याची खात्रीची नोंदच नव्हती, संपला असंच धरून चालले होते लोक. आणि १९९७च्या नोव्हेंबरात अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो सापडला कुठे, तर आपल्या शहाद्याजवळच्या रानात! पोरीला चित्रासोबत गोष्टही आयती मिळेल.

पक्षी वीतभर. डोकं गोल, डोळे पिवळेधमक, छातीवर तपकिरी पट्टा, खाली पोट पांढरं. पाय आणि नखं मात्र अंगाच्या मानानं दांडगी. गावात विजेच्या तारेवर बसतो त्या साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपकेच ठिपके असतात. याचं डोकं जवळजवळ कोरं. पक्षी बघणारे यावरूनच दोघांना वेगळं ओळखतात. आपल्याला तर ही सोयच झाली. ॲनिमेशनमध्ये सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे फ्रेम, पळतात आणि एक चित्र दोन चौकटी धरलं तरी बारा चित्रं लागतात. अंगावर पन्नास ठिपके काढलेस तर एका सेकंदासाठी सहाशे काढत बसशील. म्हणून पंखांवर तीन पट्टे, शेपटीवर दोन, बास. कार्टून साधं असतं त्यामागे हात वाचवण्याचा हिशोब मोठा आहे.

आता पेन्सिल घे. एचबी चालेल, पण दाबू नकोस. एक गोल डोक्याचा, त्याला चिकटून खाली दुसरा अंगाचा. वरचा खालच्याएवढाच, किंवा थोडा मोठाच ठेव. डोक्याच्या गोलावर एक उभी आणि एक आडवी रेघ मार. नवशिके डोळे आडव्या रेघेच्या वर काढतात आणि मग चेहरा पोक्त दिसतो. तू रेघेच्या खाली काढ, मोठे आणि एकमेकांपासून लांब. चोच त्या दोघांच्या मध्ये, अगदी इवलीशी. कपाळ मोठं मोकळं राहिलं पाहिजे. कॉनराड लॉरेन्झ या प्राणिशास्त्रज्ञानं १९४३ मध्ये हेच मांडलं होतं: मोठं डोकं, उंच कपाळ, खाली सरकलेले मोठे डोळे, फुगीर गाल दिसले की माणसाला तान्हं मूल पाहिल्यासारखी माया येते. गोडवा मापात असतो. गालावर गुलाबी टिकल्या नि डोक्यावर रिबीन लावून तो येत नाही, आणि मला तर ती रिबीन बघवत नाही.

आता भुवया. पिंगळ्याच्या डोळ्यांवर पांढुरक्या भुवया असतात, आत चोचीकडे उतरत्या, त्यामुळे तो कायम चिडलेला वाटतो. गोड करायच्या नादात त्या पुसून टाकशील. पुसू नकोस. डोळे लहान बाळाचे आणि भुवया वैतागलेल्या मास्तराच्या, यातच सगळी गंमत आहे. नुसतं गोड चित्र दोन मिनिटांत विसरतं. भुवया डोळ्यांना जरा टेकव, म्हणजे राग; वर उचल, म्हणजे आश्चर्य; एकच उचल, म्हणजे संशय. तोंडाला हात न लावता तीन भाव झाले. नखंही लपवू नकोस, मोठीच काढ.

झालं की सगळी आकृती काळी भरून बघ. नुसत्या काळ्या डागावरून पोरीनं ‘पिंगळा’ म्हटलं तर जमलं. बटाटा म्हणाली तर शेपटी लांबव.

हलवायचं कसं? स्टेशनरीच्या दुकानातून छोटं चिठ्ठ्यांचं पॅड आण. प्रत्येक पानावर जरासं बदललेलं चित्र काढायचं, मग पानं अंगठ्यानं भरभर सोडली की ते हलताना दिसतं. शेवटच्या पानापासून सुरुवात कर, म्हणजे खालचं चित्र वरच्या पानातून दिसतं आणि आकार लहानमोठा होत नाही. घुबडांना डोळे फिरवता येत नाहीत, बघायचं तर अख्खी मान वळवावी लागते. तेव्हा बुबुळं इकडून तिकडे सरकवू नकोस, डोकंच वळव. सरळ आडवं सरकवलंस तर लाकडी दिसेल. मधल्या चित्रात डोकं थोडं खाली आण आणि डोळे मीट, मग पलीकडे वर घे. बघ कसा जिवंत होतो! खरा रानपिंगळा दिवसा शिकार करतो आणि सावज हेरलं की शेपटी डावी-उजवी झटकतो. ते झटकणं शेवटी दोन-तीन पानांत टाक. कॉम्प्युटरवर करायचं असेल तर क्रिटा नावाचं चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण आधी पॅडवर कर.

एक पोज जमली की समोरून, तिरका, बाजूनं, पाठमोरा असे चारही एकाच कागदावर काढून भिंतीला चिकटव. पुढच्या वेळी तोच पक्षी काढायला उपयोगी पडेल, नाहीतर प्रत्येक पानावर नवाच पिंगळा जन्माला येतो.

रंगवायच्या आधी फोटो पाठव. रंग दिल्यावर मी काही बोललो तर तू ऐकणार नाहीस, तुझा स्वभाव मला माहीत आहे. वहिनींना नमस्कार सांग, आणि थंडीत सगळे इकडे या. भरीत आणि कळण्याची भाकरी माझ्याकडे लागली.

तुझा,
नाना