समुद्रसपाटी सपाट नाही

महोदय,
‘समुद्रसपाटीपासून उंची’ असे आपण सहज लिहितो. पण समुद्र सपाट नाही, हे शालेय पुस्तकांत ठळकपणे यायला हवे. १९९२ साली सोडलेल्या टोपेक्स-पोसायडन उपग्रहाने सुमारे १,३३६ किलोमीटरवरून रडारलहरी सोडल्या, त्या पाण्यावर आपटून परत यायला लागणारा वेळ मोजला आणि पातळी काही सेंटिमीटरपर्यंत अचूक सांगितली. भरती-ओहोटी वजा करून अनेक वर्षांची सरासरी काढली की नकाशा तयार. त्यात श्रीलंकेच्या दक्षिणेला पाणी पृथ्वीच्या आदर्श लंबगोलापेक्षा, म्हणजे मोजमापासाठी मानलेल्या गुळगुळीत आकारापेक्षा, तब्बल १०० मीटर खाली दिसते! तिथले गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून. बुडालेल्या पर्वतांवर मात्र पाण्याला उंचवटा येतो. कोणी न पाहिलेला समुद्रतळ असा वरूनच ओळखता येतो, याचे मला फार अप्रूप वाटते.

– एक वाचक