दादा, ओकचं राहू दे

टूसॉन, ॲरिझोना
फेब्रुवारीचा दुसरा रविवार

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आई-बाबांना माझा नमस्कार सांग. इकडे सगळं ठीक आहे. तू पाठवलेला आवाज ऐकला, पण मागे ट्रॅक्टर चालू होता आणि तू अन् वहिनी दोघंही एकदमच बोलत होता, म्हणून म्हटलं नीट बसून लिहावं. मला समजलं ते एवढं: नव्या घरासमोरची जागा मोकळी झाली, तिथे वहिनीला ओक पाहिजे, तुला कॅक्टस पाहिजे, आणि आई म्हणते, "काट्याचं झाड कायले लावता दारात?" बाबांना कोणी विचारलेलं दिसत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ओक नको. कॅक्टस चालेल, पण 'त्याला पाणी लागत नाही' म्हणून तू लावायला निघाला असशील तर थांब. आणि फोटोत पाहिलास तो तर नाहीच.

इथे ही दोन्ही झाडं एकाच रस्त्यावर दिसतात. गावाच्या उत्तरेला माउंट लेमन नावाचा डोंगर आहे, माथा ९,१५७ फूट. पायथ्याशी सगळीकडे सग्वारो, म्हणजे तुझा तो हात वर केलेला उंच कॅक्टस. गाडी घाट चढू लागली की चार हजार फुटांच्या आसपास ते विरळ होतात आणि संपतात. मग ओक लागतात आणि त्यांच्या वर पाइन. वरची थंडी सग्वारोला झेपत नाही. दिवसरात्र गोठणबिंदूच्या खाली गेले की त्याच्या पोटातलं पाणीच गोठतं. ओकला खालचं कोरडं ऊन झेपत नाही. हे ओकही काही छोटूच्या इंग्रजी पुस्तकातल्यासारखे घेरदार नाहीत. बुटके, जाड पानांचे, खडकाला धरून उभे असतात. खाली शहरात कोणी हौसेने दुसऱ्या जातीचा ओक लावलाच, तर बुडाशी ठिबकची नळी असते.

आपल्या देशातही ओक आहेत, पण ते मुख्यतः हिमालयात. गढवाल-कुमाऊंचा बांज हा ओकच, पाच-सात हजार फुटांवर वाढतो. दक्षिणेच्या पठारावर आपोआप उगवलेला ओक नाही. हिवाळ्यात पानं झाडून निजणाऱ्या जातींना लांब थंडी लागते. आपली थंडी म्हणजे हुरडा संपेस्तोवरची, आणि मग वैशाखात ४५ अंश. झाड एखादवेळी जगेलही, पण खुरटं राहील, आणि वहिनीला जी सावली हवी ती पाहायला छोटूचं लग्न व्हावं लागेल.

खरी भीती मला घराची वाटते. आपली काळी माती उन्हाळ्यात आकसते, भेगांत हात जातो. पावसात तीच फुगते. जुन्या घराच्या मागच्या भिंतीला तडा कसा गेला ते तुला सांगायला नको. इंग्लंडमध्ये लंडनच्या बाजूची चिकणमाती अशीच आकसणारी आहे. तिथे घराजवळचा ओक मातीतलं पाणी ओढून घेतो आणि पाया खचतो. १९७६ च्या दुष्काळानंतर तर अशा तडे गेलेल्या घरांच्या विमा-दाव्यांची रांग लागली होती. एवढा खर्च करून पाया भरलास आणि त्याच्याशेजारी असं झाड लावतोस? शिवाय ओकची कोवळी पानं अन् फळं ढोरांना बाधतात, त्यातल्या टॅनिन नावाच्या तुरट द्रव्याने मूत्रपिंडं जातात. गोठा किती लांब आहे ते तूच बघ.

बी पाठव म्हणालास, तेही जमणार नाही. ओकचं फळ आपल्या तुरीसारखं वाळवून ठेवता येत नाही, वाळलं की आतला कोंब मरतो. आणि परदेशातून बी-रोप आणायला आधी परवाना आणि इकडचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. पाकिटात घालून पाठवायची वस्तू नाही ती. नर्सरीवाला 'ओक आहे' म्हणाला ना, तो सिल्व्हर ओक दाखवत असेल. ते झाड मूळचं ऑस्ट्रेलियाचं, ओकशी त्याचं नातं नाही, आणि वादळात त्याच्या फांद्या मोडतात. पैसे देऊ नको.

आता तुझा कॅक्टस. मी राहतो त्या घराच्या फाटकाशी एक सग्वारो आहे, दोन माणसं उंच, अजून हात न फुटलेला. उन्हाळ्यात त्याच्या अंगावर लुगड्याच्या निऱ्यांसारख्या खोल घड्या पडतात. जुलैत पाऊस झाला की काही दिवसांत त्या निऱ्या उकलतात आणि खोड गरगरीत होतं. मुळं फार खोल नसतात, पण झाड जेवढं उंच तेवढी चहूकडे पसरलेली असतात, म्हणजे थोडी सर आली तरी शोषून घेता येते. पहिल्या आठ वर्षांत तो जेमतेम दीड इंच वाढतो. हात फुटायला पन्नास-पाऊणशे वर्षं. त्यात तो कायद्याने संरक्षित. तेव्हा ती हौस फोटोवरच भागव.

पण मुद्दा पाण्याचा. इथे वर्षाला सुमारे ३०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही निम्मा उन्हाळ्यात अन् बाकीचा बराचसा हिवाळ्यात, आणि जमीन खडीची, तासाभरात कोरडी. आपल्याकडे ९०० च्या आसपास, आणि जवळपास सगळा चार महिन्यांत. पोळ्यापर्यंत वावरात पाय रुततो. कॅक्टसच्या मुळाला तेवढे दिवस हवाच मिळणार नाही. तुरीला मूळकूज लागते तेव्हा झाड कसं उभ्या उभ्या मरतं ते तू पाहिलंस. याचंही तेच होईल, फक्त वरून हिरवा दिसत राहील आणि एक दिवस बुडातून आडवा होईल. आपल्याकडे कॅक्टस वैशाखात मरणार नाही, भाद्रपदात मरेल.

म्हणून लावायचाच तर जमिनीत खड्डा करू नको, जमिनीवर ढीग कर. मुरूम, बारीक गिट्टी आणि रेती, गुडघ्याच्या वर येईल एवढा, कडेने दगड लावून. काळी माती त्यात मिसळू नको, 'थोडी घातली तर काय होतं' असं बाबा म्हणतील, तरी नको. छपराची पागोळी त्यावर पडता कामा नये. पाऊस संपल्यावर, कार्तिकात लाव. तुकडा आणलास तर सावलीत आठ-दहा दिवस ठेवून कापलेली बाजू सुकू दे. पावसाळ्यात एक थेंबही घालायचा नाही. बुटका, गोल, सोनेरी काट्यांचा बॅरल कॅक्टस नर्सरीत मिळतो. उंच हवा असेल तर सेरियस, त्याला पांढरी मोठी फुलं रात्री येतात. ड्रॅगनफ्रूटही कॅक्टसच, पण आपल्या मे महिन्यात त्याचं खोड भाजून पिवळं पडतं, वर जाळी बांधावी लागेल. अन् छोटूच्या सायकलच्या वाटेपासून चार हात लांब.

आईला सांग, ती कुंडीत जपते आणि फुललं की अर्ध्या गल्लीला बोलावून ओवाळते, ते ब्रह्मकमळ कॅक्टसच आहे, फक्त बिनकाट्याचं. आणि धुऱ्यावरचं तिधारी निवडुंग, ज्याला ती कॅक्टस समजते, ते मुळी कॅक्टस नाही. मोडल्यावर पांढरा चीक येतो तो त्याचाच पुरावा. एवढ्यावर ती ऐकेल असं नाही. तेव्हा ढीग दारासमोर नको, विहिरीकडच्या कोपऱ्यात कर.

वहिनीला सावली पाहिजे, ती मागणी मात्र बरोबर आहे. पश्चिमेला, पायापासून चांगलं लांब, करंज लावा. चैत्रात थोडे दिवस उघडा पडतो आणि लगेच नवी पालवी घेतो. ऐन मे महिन्यात गर्द असतो. तिसऱ्या प्रहरचं ऊन तिकडूनच येतं. रोपं वनविभागाच्या नर्सरीत विचार.

मुरूम कुठून आणणार ते कळव. तलावाकडचा पांढरा मुरूम चिकट असतो असं बाबा म्हणायचे, तो असेल तर नको. रेतीचे भाव सध्या काय आहेत तेही लिही, मी महिन्याच्या पैशांत घालून पाठवतो. हरभरा निघाला का? कापसाला काय भाव मिळाला?

वहिनीला नमस्कार, छोटूला पापा.

तुझा धाकटा